थोडं लांब सरका

गोडादऱ्यातल्या चाळीत आमच्या समोरच्या खोलीत एक मावशी राहतात. त्या घरातल्या कुठल्याच दोन वस्तू एकमेकींना लागून ठेवत नाहीत. हंड्यापासून कळशी हातभर लांब, भिंतीपासून खाटही लांब. आमच्याकडे आल्या तरी दारातच बसतात.

"वस्तू एकमेकीले ओढतस, सर," एकदा त्या मला म्हणाल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हसू आवरत म्हणालो, "खरं आहे मावशी. प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते. पण ती ओढ इतकी कमी असते, की वस्तू जागची हलतसुद्धा नाही. पृथ्वी एवढी मोठी, म्हणून फक्त तिचीच ओढ आपल्याला जाणवते."

मावशी पापणी न हलवता म्हणाल्या, "म्हंजे ओढ शे. आपल्याले कळत नही, इतलंच."

यंदा उन्हाळ्यात माझी आई गेली. दुपारी तिला खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवलं होतं. मावशी आत आल्या. रडल्या नाहीत. आईच्या उशाशी असलेली खुर्ची त्यांनी मागे सरकवली, मग स्टूल, मग पाण्याची कळशी. जमलेली माणसं बघत होती. त्यांना कोणी अडवलं नाही.

शेवटी त्या माझ्याजवळ आल्या. माझा हात आईच्या हातावर होता.

"तुम्ही बी थोडं लांब सरका, सर," त्या हळूच म्हणाल्या. "तिले जाऊ द्या."

मी हात उचलायला गेलो. तो उचलायला मला खरोखर जोर लावावा लागला.