जुन्या ब्राउझरची ठिगळं

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. गावोगावच्या कॉम्प्युटरमध्ये जुने ब्राउझर आहेत तोवर ते घरपोच येतात, तेही ऐन जेवणाच्या वेळी, फोनवरून.

त्या वर्षी तुरीचा भाव पार कोसळला होता. सरकारी खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी ठरली आणि तिची वेबसाइट अमरावतीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात बनत होती. ज्याची नोंद हुकेल त्याने व्यापारी म्हणेल त्या भावात तूर द्यायची. माझी तर झोपच उडाली होती.

*

चाचणी सुरू झाली आणि वलगावच्या नोंदणी केंद्रातून फोन आला, पान नुसतं पांढरं दिसतंय! आम्ही वापरलेलं जावास्क्रिप्टचं एक नवं फंक्शन तिथल्या ब्राउझरला ठाऊकच नव्हतं. असं एक अडलं की पुढचं सगळं ठप्प. आमचे सीनियर, अकोल्याचे सलीमभाई, यांनी तेच काम जुन्या पद्धतीनं लिहून पानाला जोडलं. याला आम्ही ठिगळ म्हणतो.

*

ठिगळं वाढली तसं पान जड झालं. वलगावचा केंद्रचालक म्हणाला, आता उघडते, पण तोवर चहा पिऊन होते. सलीमभाईंनी काही ठिगळं काढली, तर तारखेचा रकानाच गायब.

*

हे सगळं तपासायला ऑफिसात एक म्हातारा कॉम्प्युटर होता, जुन्या ब्राउझरसकट. सलीमभाई त्याला कुणाला हात लावू देत नसत. नोंदणीच्या आदल्या दिवशी आमचे सर मोठ्या हौसेनं म्हणाले, "सलीमभाई, तुमचं मशीन एकदम अपडेट करून टाकलं!"

त्यात जुना ब्राउझर पुसला गेला होता. सलीमभाई त्या दिवशी जेवले नाहीत.

*

तसलाच ब्राउझर नांदगाव खंडेश्वरच्या केंद्रात होता. केंद्रचालक गजाननभाऊंना तपासायला येतोय म्हणून कळवलं आणि आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. पोचलो तर चिवडा तयार, आणि टेबलावर नवाकोरा लॅपटॉप. आमचं पान त्यावर झटकन उघडलं.

"तुमचा जुना कुठाय?" सलीमभाईंनी विचारलं.

"त्याले पावन्यायसमोर काय ठेवाचं? भावाच्या घरी ठेवला. भाऊ कुलूप लावून कौंडण्यपूरले गेला, रातीले येते. हा पुतण्याचा मांगून आणला, खास तुमच्यासाठी."

माझा जीव जरा भांड्यात पडला. म्हटलं, म्हणजे उद्याची नोंदणी यावरच ना?

"नाही जी, हा आज संध्याकाळीच वापस द्याचा हाये. पण तुमी फिकर नका करू," गजाननभाऊ माझ्यापुढे चिवडा सरकवत म्हणाले, "उद्या नोंदणीले आपला जुनाच येते."