एझ्राने टाकलेला कॅट

यादवी युद्धात लढाई जवळ आली की पलटणीतली पोरं आपापले पत्ते वाटेतच फेकून द्यायची. मेल्यावर सामान घरी जातं. जुगाराचे पत्ते आईच्या हाती पडायला नकोत! एझ्रा पिंकहॅम मात्र खुशाल ते वेचायचा आणि लढाईनंतर त्याच पत्त्यांनी सगळ्यांना हरवायचा.

"एझ्रा, मेलास तर आई काय म्हणेल रे?"

"मरतोय कशाला? डाव अर्धवट टाकून?"

आज व्हर्जिनियाच्या रानवाटेवर ना तोफेचा आवाज होता, ना कसला हुकूम. चालता चालता एझ्रा थांबला. खिशातला पत्त्यांचा कॅट काढून त्यानं कुंपणावर ठेवला आणि पुढे निघाला.

मागची थट्टा बंद पडली. एकेकाचा हात खिशाकडे गेला.