कडेला बघणारे दस्तगीरचाचा

दस्तगीरचाचा सिनेमा बघताना पडद्याच्या मधोमध कधीच बघत नसत. नायिका गात असायची आणि हे आपले कडेला डोळे लावून. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "मधलं सगळी दुनिया बघतीया. वाजवणारा कडंला असतो गड्या."

आष्ट्याच्या पेठेत त्यांचं पेट्या नि ऑर्गन दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचे वडील सांगलीच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. बोलपट नवे होते तेव्हा कंपनीच्या संगीत नाटकाचाच सिनेमा झाला. गाणं आणि चित्र एकदमच घ्यायचे. म्हणून वडिलांना ऑर्गनसकट कापडी झाडामागे बसवलं, कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून. चाचा दोन वर्षांचे असताना वडील वारले. फोटो एकही नाही. पुढे तो सिनेमाही कुठे उरला नाही.

"सिनेमात हाय माझा बा," चाचा सांगायचे, "फकस्त दिसत न्हाई."

मी लग्नाचे व्हिडिओ करतो, म्हणजे स्वतःला दिग्दर्शक समजतो. साताऱ्याच्या एका संग्राहकाकडे त्याच सिनेमाचा तीन मिनिटांचा तुकडा निघाला आणि साफ करायला माझ्याकडे आला. आवाज पार गेलेला. मी डाग पुसले, आणि गाणारी बाई मध्येच भलतीकडे बघते तेवढं कापलं. नवरी कडेला बघायला लागली की मी कापतोच! मग मोठ्या ऐटीत लॅपटॉप चाचांपुढे ठेवला.

बाईंच्या ओठांवरून गाणं ओळखून चाचांची बोटं मांडीवर ऑर्गन वाजवत होती. एकदम थांबली.

"हितनं काय काढलंस?"

"चुकलं होतं, चाचा. बाई कॅमेरा सोडून बघत होती."

"चुकलं? आरं, नाटकातली बाई हाय ती! गाणं उचलायच्या आदी वाजवणाऱ्याकडं बघणारच. आण ते!"

आणलं. बाईंनी मान किंचित वळवली, कडेला, जरा खाली पाहिलं, हसल्या आणि गाऊ लागल्या.

चाचा उभे राहिले. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.

"खाली बघतीया. म्हंजे बा बुटका हुता, माझ्यागत." मग म्हणाले, "आन हसली. म्हंजे सूर बरोबर दिला त्यानं."

नव्वदीला टेकलेला माणूस पहिल्यांदा बापाला बघत होता, आणि मी ते चूक म्हणून कापलं होतं.

यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. परवा पलूसच्या लग्नात नवरी ऐन मंगलाष्टकांत कडेला बघून हसली. नवऱ्याचे मामा म्हणाले, "आवं, एवढं काढा की."

मी म्हटलं, "आधी सांगा, तिकडं कोण उभं होतं?"