प्रत्येक कपाटात एक प्रत

सिल्वासात मला सगळे ‘बेन’ म्हणत. मी धुळ्याची, कारखाना पॉलिएस्टर धाग्याचा, मालक मुंबईचे, आणि कॉम्प्युटर रूममध्ये बाई मी एकटीच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा तिथल्या सरकारी शाळेत शिक्षक. त्याची बदली झालीच तर फार तर जवळच्या खानवेलला. म्हणजे कॉम्प्युटर रूम सिल्वासात राहिली तर माझी नोकरी राहणार, मुंबईला हलली तर मी घरी बसणार. आणि घरी बसायची मला अजिबात इच्छा नव्हती.

मुंबईच्या साहेबांनी आडपडदा ठेवला नव्हता. जावा या कॉम्प्युटर-भाषेतली नवी यंत्रणा आम्ही सिल्वासातच उभी केली होती. गुरुवारी ते स्वतः येऊन बघणार होते. उत्पादन, स्टोअर आणि डिस्पॅच या तिन्ही खात्यांचं काम तिच्यावर चाललं तर रूम इथेच, नाहीतर गाशा गुंडाळायचा. सोमवार उजाडला तरी डिस्पॅच काही चालत नव्हतं.

यंत्रणेची रचना खरं तर सोपी होती. कंटेनर नावाचा एक मोठा प्रोग्रॅम आणि त्याच्या पोटात प्रत्येक खात्याचा वेगळा कप्पा. कप्प्याला स्वतःचं सामान दिसतं, वरच्या सामायिक फोल्डरमधलं दिसतं, शेजाऱ्याचं दिसत नाही. डेटाबेसशी बोलायला ड्रायव्हर नावाची एक फाइल लागते. ती एकदाच, वरच्या फोल्डरमध्ये ठेवली की सगळ्यांचं भागतं.

पण आमचे इनचार्ज मेंटेनन्समधून कॉम्प्युटरकडे आलेले. तलासरीकडचे, हाताला यश असलेले, आणि स्टोअर या गोष्टीवर जन्माचा अविश्वास. त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्या स्टोअरमधून एक बेअरिंग काढायचं तर इतक्या सह्या लागत की मशीन आणि माणूस दोघेही थंड होत. म्हणून प्रत्येक खातं आपल्या कपाटात गुपचूप सुटे भाग दडवून ठेवी. याला चोरी कुणी म्हणत नसे, शहाणपण म्हणत. इनचार्जांनी तेच शहाणपण कॉम्प्युटरमध्ये आणलं आणि वर एक असतानाही ड्रायव्हरची एकेक प्रत प्रत्येक कप्प्यात ठेवून दिली.

“आपली वस्तू आपल्या कपाटात बरी, बेन. स्टोरवर भरोसा ठेवला का मशीन उभी.”

जावाला हे शहाणपण मानवत नाही. कंटेनर वरच्या प्रतीतून डेटाबेसची जोडणी करून देई, बाकीचे दोन कप्पे ती न तपासता वापरत, डिस्पॅचचा कप्पा मात्र ती आपल्या प्रतीशी ताडून बघे आणि म्हणे, ही ती नव्हेच. नाव तेच, आतला मजकूर तोच, पण उचलली वेगळ्या ठिकाणाहून. एकाच माणसाचं नाव सामरवरणी गावच्या रेशनकार्डावर आणि किलवणीच्याही असलं की सरकारदरबारी ती दोन माणसं होतात, तसंच. मी इनचार्जांना हे सविस्तर समजावलं. मला समजावून सांगायची भारी हौस. त्यांनी मान डोलावली, कप्प्यांतल्या प्रती काढतो म्हणाले आणि दुपारी काढल्या म्हणून सांगितलंही.

तरीही डिस्पॅच तीच तक्रार करत राहिलं. मंगळवार मी पासवर्ड तपासण्यात, डेटाबेस बंद-चालू करण्यात घालवला. रोग रेड्याला, औषध पखालीला. भीतीही वाटत होती. घरी डबा भरताना वाटायचं, हा आणखी किती दिवस.

बुधवारी सकाळी मी जावाला सांगितलं, जे जे उचलतेस ते ते पडद्यावर लिही. ओळी सरकत गेल्या आणि ड्रायव्हरचं नाव दोनदा आलं. डिस्पॅचचा फोल्डर उघडला. त्या नावाची फाइल तिथे नव्हती, पण ‘जुना’ नावाची एक होती.

“तुम्ही काढली म्हणालात ना?” मी विचारलं.

“काढलीच. नाव बदलून मागं ठेवली. लागली तर?”

वर्तमानपत्रात गुंडाळून फळीच्या मागे सारलेलं बेअरिंग. कंटेनरला फाइलच्या नावाशी देणंघेणं नव्हतं. त्या फोल्डरमध्ये जे असेल ते तो उचलणारच. मला इतका राग आला की मी त्यांना न विचारता ती पुसून टाकली. कंटेनर पुन्हा सुरू केला. डिस्पॅचचा पहिला गेटपास छापून आला. इनचार्ज त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते, त्यांचं कपाट मी रस्त्यावर रिकामं केल्यासारखं.

गुरुवारी साहेब आले, सगळं चाललेलं पाहिलं, खूश झाले. अडचण काय होती, असं त्यांनी विचारलं आणि मी उत्साहाने सांगितलं. प्रत्येक खात्यात वेगळी प्रत ठेवली की घोळ होतो. एकच प्रत, सगळ्यांना दिसेल अशा वरच्या जागी ठेवायची, बस.

“म्हणजे खात्यागणिक वेगळं काही लागत नाही?”

“मुळीच नाही.”

“आणि ही वरची जागा मुंबईत असली तर, मॅडम?”

“मुंबईपर्यंतची टेलिफोन लाइन चांगली असेल तर काहीच फरक पडत नाही,” मी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले.

रूम इथेच ठेवायचा शब्द त्यांनी वर्षभर पाळला. मग तशी लाइन आली आणि आमचे कॉम्प्युटर मुंबईला न्यायला खोक्यांत भरले गेले. इनचार्ज मेंटेनन्सला परत जाणार होते. खोक्यांना दोरी बांधता बांधता ते म्हणाले, “म्हनून सांगत होतो बेन. एक आपल्याकडं असू द्यावी.”

त्या दिवशी मी त्यांना काहीही समजावून सांगितलं नाही.