कुंपणाबाहेरचा डॉक्टर

चालणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून त्याचं भविष्य सांगेल असा माणूस अख्ख्या मेलबर्नमध्ये एकच आहे, आणि तो डँडेनॉन्गजवळच्या एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. राहतो आमच्या मागच्याच रस्त्यावर. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. दादाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, चाल राहते. एकदा शॉपिंग सेंटरच्या बाकावर मी त्याच्या शेजारी दहा मिनिटं बसून होतो, तर गडी ओळख दाखवेना, कंटाळून उठलो, चार पावलं टाकली, तेव्हा मागून हाक आली, "अरे, तू होय!" गणपतीच्या आरतीत सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत असतात, तेव्हा हा मंडळाच्या अध्यक्षांच्या कमरेकडे बघत असतो. कुणाकडे जेवायला गेला की आधी दारातले बूट उलटे करून टाचा किती झिजल्यात ते तपासतो. आमच्याकडे माझा मॅनेजर आला होता, त्याचाच बूट हातात घेऊन दादाने विचारलं, "लेफ्ट नी? हाऊ मेनी इयर्स?" मॅनेजर "फोर" म्हणाला आणि पायरीवरच बसला. आतला पुलाव गार होईपर्यंत दादा त्याचा गुडघा दाबत होता.

सोलापुरात त्याचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता, बारा वर्षं चाललेला. पैलवान, कबड्डीवाले, एसटीचे ड्रायव्हर, सगळे त्याच्याकडे यायचे आणि डॉक्टर म्हणायचे. बायकोला इथे नर्सची नोकरी मिळाली, तेव्हा दवाखान्याला कुलूप लावून हा तिच्यामागे आला. इथे प्रॅक्टिस करायची तर परीक्षा द्यावी लागते. लेखीत पास झाला. प्रात्यक्षिकाला कंबरदुखीचं सोंग घेतलेला एक माणूस समोर झोपवला होता. दादाने त्याला तपासलं, उठवलं, चालवलं आणि परीक्षकांना प्रामाणिकपणे सांगितलं, "याला काहीही झालेलं नाही." नापास. पुढच्या खेपेला त्या सोंगाला खरं मानून बोलायला गेला, तर बोलण्यात आत्मविश्वास नाही म्हणून पुन्हा नापास. हा किस्सा तो इतका रंगवून सांगायचा की लोक हसून हसून लोळायचे. सांगून झाला की मात्र उठायचा आणि यजमानांच्या सिंकमध्ये पडलेली भांडी घासायला लागायचा.

उरलेली सगळी विद्या तो फूटीच्या सरावावर उधळायचा. फूटी म्हणजे इथला लंबगोल चेंडूचा फुटबॉल, हाताने ठोसायचा आणि पायाने उडवायचा. मॅचशी दादाला काही देणंघेणं नव्हतं. कोण जिंकलं हे त्याला कधीच ठाऊक नसायचं. त्याला हवा असायचा सीझनच्या आधीचा, भर उन्हाळ्यातला सराव, जिथे चाळीस तगडे गडी चेंडूशिवाय नुसते धावतात. त्याची शिफ्ट दुपारची. सकाळी घडीची खुर्ची, टोपी, थर्मास आणि वही घेऊन तो इथल्या एका क्लबच्या मैदानाच्या कुंपणाशी हजर. शुक्रवारी माझं वर्क फ्रॉम होम असायचं, म्हणून मीही जायचो. तोंडावरच्या माश्या हाकलत तो पुटपुटायचा, "तेरा नंबर, पोटरी. वीस नंबरचा घोटा आखडलाय. तो दाढीवाला दुखणं लपवतोय." शेजारी एक म्हातारा समर्थक कुत्रा घेऊन यायचा. दादाने कुत्र्याचाही मागचा उजवा पाय दुखतो म्हणून सांगितलं. म्हातारा त्याला व्हेटकडे घेऊन गेला आणि पुढच्या शुक्रवारी दादासाठी केक घेऊन आला.

त्या जानेवारीत संघात एक नवा खेळाडू आला होता, एकतीस नंबरचा, हरणासारखा पळणारा. दादा त्याला पाहून खुर्चीतून उठलाच. "डावा हॅमस्ट्रिंग. याला आत्ता थांबवलं नाही, तर मांडीमागचा स्नायू फाटेल." कुंपणाजवळून हातात टॅबलेट धरलेला क्लबचा एक ट्रॅकसूटवाला चालला होता, त्याला दादाने हाक मारून सांगितलं. "चिअर्स, मेट," असे आभार मानत तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात दादाने पुन्हा सांगितलं. पुन्हा चिअर्स. तिसऱ्या शुक्रवारी तो पोरगा पूर्ण वेगात असताना गोळी लागल्यासारखा मांडी धरून कोसळला. दादाने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने तोच ट्रॅकसूटवाला आणखी एकाला घेऊन आमच्याकडे यायला निघाला. दादाने टोपी काढली, केस सारखे केले, शर्ट नीट खोचला. मला हळूच म्हणाला, "विचारायला येतायत बघ."

ते विचारायलाच आले होते. वहीत काय लिहितोस? कुणासाठी लिहितोस? दुसऱ्या क्लबसाठी, की बेटिंगवाल्यांसाठी? दादाचं इंग्रजी अशा वेळी घशातच अडकतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. हा फिजिओ आहे, बारा वर्षं दवाखाना चालवलाय, एवढंच मला सांगायचं होतं. पण मग रजिस्ट्रेशन कुठाय असं विचारतील, नसतं झंझट होईल, हे एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं आणि मी हसत म्हणालो, "ही'ज हार्मलेस, मेट. ही जस्ट वर्क्स इन अ वेअरहाऊस."

त्यांचं समाधान झालं. वही तेवढी ठेवून जा आणि यापुढे इथे बसू नकोस, नो वरीज? असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. दादाने वही दिली, खुर्चीची घडी घातली. गाडीत सिग्नलमागून सिग्नल गेले. उतरताना नेहमीसारखं "चल, भेटू" म्हणाला आणि त्यानंतर दोन महिने भेटला नाही.

मार्चमध्ये आई पुण्याहून आली. तिचा उजवा खांदा धरलेला, हात खांद्याच्या वर जात नव्हता. केस बायको विंचरून द्यायची. माझी फोन करायची हिंमत होईना, शेवटी बायकोनेच केला. दादा अर्ध्या तासात आला. आईचा हात त्याने हातात असा घेतला, की मी ओशाळून चहा करायच्या निमित्ताने आत सटकलो. तो निघाला तेव्हा आई म्हणाली, "डॉक्टर, आता पुन्हा कधी?"

"काकू, मी इथे डॉक्टर नाही. वेअरहाऊसमध्ये असतो."

"असाल हो. पण पुन्हा कधी?"

तो हसला. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो आणि मनात घोळवलेलं एकदाचं बोललो, "दादा, त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

"चुकीचं कुठे?" तो म्हणाला. "खरंच बोललास की. म्हणून तर लागलं." मग गाडीत बसून काच खाली केली. "काकूंना सांग, व्यायाम चुकवायचा नाही. गुरुवारी येतो."

तो गुरुवारी आला, त्यानंतर आणखी पाच वेळा आला. मग आई परत गेली. आता त्याला यायला निमित्त उरलेलं नाही, आणि मला बोलवायला तोंड नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई उजवा हात थेट डोक्यावर नेते, स्वतः घातलेला अंबाडा दाखवते आणि बजावते, "डॉक्टरांना सांग हं."

मी "सांगतो" म्हणतो.