डॉक्टर नांदेडला असताना

ट्यूशन एरियात कातडीचा दवाखाना काढला की तो चालणारच. जागरण, मेसचं जेवण आणि परीक्षेची धास्ती. पोरांच्या तोंडावर पिंपल्स नाही येणार तर काय येणार? लातूरच्या अशाच एका दवाखान्यात मी नर्स होते. डॉक्टर अर्धा आठवडा नांदेडच्या शाखेत असायचे आणि लोकांना घाई नेमकी तेव्हाच व्हायची.

एकदा औशाहून माझी धाकटी नणंद लेकीला घेऊन आली. रविवारी पोरीला बघायला पाहुणे येणार होते. "वहिनी, ते पील का काय म्हणतात ते करून द्या. गालावरचे डाग गेले पाहिजेत."

चेहऱ्याला ॲसिड लावून वरची कातडी काढायची, म्हणजे काय हळद लावण्याइतकं सोपं आहे? मी म्हटलं, डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. तर हिने थेट डॉक्टरांनाच फोन लावला. आमचे साहेबही धन्य! "करून टाका सिस्टर, मी आल्यावर बघतो." आल्यावर काय बघणार, भाजलेला गाल? मी नाही म्हणाले. "नोकरी करायची ना तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझं डोकं सणकलं. नोकरी दुसरी मिळाली असती, पोरीला दुसरा चेहरा कुठून आणायचा होता?

मी पोरीलाच विचारलं, गोळ्याबिळ्या घेतेस का काही? ती आईकडे बघत पुटपुटली, "पिंपल्सच्या. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीनं दिल्या." त्या गोळ्यांनी कातडी नाजूक होते, त्यावर ॲसिड लागलं तर जखमा होऊन कायमचे डाग राहतील, असं मी नणंदेला परोपरीनं सांगितलं. पण ऐकेल तर शपथ!

"लई ताणायलात वहिनी तुम्ही! भूकंपात मला डॉक्टरबिगर टाके घातलेच की. तवा न्हाई लागला डॉक्टर?"

घातले होते. भूकंपानंतरच्या तंबूत तिच्या कपाळातलं रक्त थांबत नव्हतं, डॉक्टर पलीकडे दुसऱ्या जखमींत अडकले होते. जमतील तसे मी टाके घातले. वण वाकडा आला, आणि तेव्हापासून ती केस कपाळावर ओढूनच विंचरते.

मी टेबलावरचा आरसा तिच्या हातात दिला आणि तिचे केस बाजूला केले.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "तवा माझा जीव चालला होता, वहिनी."

"आन् आज हिचा चाललाय का?"

तिने केस पुन्हा कपाळावर ओढले आणि डॉक्टर नांदेडहून कधी येणार ते विचारलं.