माझ्या कॅसेटची पहिली बाजू

दिवाळीच्या आधी माझ्या थोरल्या भावानं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. दादा पुण्यात असतो. तिथं निवृत्त लोकांची एक मंडळी आहे. अधूनमधून जमतात, कुणीतरी जुनी तबकडी लावतो, कुणीतरी तिच्यावर बोलतो आणि मग सगळे जेवतात. या वेळी बोलायची पाळी दादाची होती. विषय होता सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेला एक रॉक अल्बम. आता त्याला अभिजात म्हणतात, त्याची जाड कागदात गुंडाळलेली महागडी आवृत्ती निघाली आहे, दादानं ती घेतली आहे. व्हिडिओत तो सांगत होता की सोनपेठसारख्या गावात एका मुलाच्या हाती या अल्बमची कॅसेट पडली आणि त्याचं जग बदलून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं व्हिडिओखाली लाल बदाम टाकले.

तो मुलगा म्हणजे दादा. आणि ती कॅसेट माझी होती.

थापा माराव्यात, पण काही धरबंध? दादा तेव्हा लातूरला होस्टेलवर होता आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांपलीकडं त्याला काही ठाऊक नव्हतं. कॅसेट आणली आमच्या मामानं. मामा रेल्वेत होता, सिकंदराबादला. मी दहावीला पहिल्या वर्गात पास झाले म्हणून त्यानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून पाच-सहा इंग्रजी कॅसेटी उचलून आणल्या. पोरीचं इंग्रजी सुधारेल असं त्याला वाटलं. इंग्रजी काही सुधारलं नाही. पण वडील शाळेत शिकवायला गेले, आई शेजारी गेली, की त्यांचा भजनाचा टेपरेकॉर्डर माझा व्हायचा. मी आवाज बारीक करून, कान स्पीकरच्या जाळीला लावून बसायची.

त्या अल्बममध्ये चार पुरुष आहेत आणि एक बाई. ती की-बोर्ड वाजवते आणि मध्येमध्ये गाते. शब्द मला कळत नव्हते. पण ही बाई कुणावर तरी भडकली आहे आणि ते लपवायची तिला गरज वाटत नाही, एवढं पहिल्या दिवशीच कळलं. आमच्या घरात भडकायचा हक्क फक्त वडिलांना होता. मला ती बाई फार आवडली.

बाकीच्या कॅसेटीही त्याच दोन-तीन वर्षांतल्या. एक लंडनच्या पोरांची होती, धड वाजवता येत नाही पण दोन मिनिटांत गाणं उरकून मोकळे. एकीत ऑर्गनवाला एकदा बसला की उठायचं नाव घ्यायचा नाही, निम्मी बाजू एकाच गाण्यात जायची. आणि एक होती डिस्कोची. दादानं भाषणात सांगितलं की आपला अल्बम म्हणजे डिस्कोला दिलेलं उत्तर. कसलं उत्तर? दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात ड्रमवाला तोच सरळ, न हलणारा ठोका धरून बसलाय, जो डिस्कोच्या कॅसेटीत आहे. वर गिटार चढवली म्हणून खालचा ठोका बदलत नाही. दोन्ही कॅसेटी एकीमागून एक लावून पाहिल्या असत्या तर त्याला हे कळलं असतं. त्यानं लेख वाचले.

तरी हे मी सोडून दिलं असतं. चीड आली ती पुढच्या गोष्टीची, जी सांगून त्यानं सगळ्यांना खदखदा हसवलं.

माझं लग्न सोनपेठला आमच्या दारात झालं. वडिलांनी आंदण म्हणून नवा टेपरेकॉर्डर दिला. रुखवत मांडताना आत्यानं तो लाडवांच्या आणि मोत्यांच्या हंसांच्या शेजारी ठेवला आणि शोभेला म्हणून माझ्या कॅसेटींची उतरंड रचली. तेव्हा लग्नाची मंगलाष्टकं टेप करून ठेवायची टूम निघाली होती. ते काम दादाकडं होतं. अक्षता वाटून झाल्या, भटजींनी घसा साफ केला आणि दादाच्या लक्षात आलं की कोरी कॅसेट आणायचीच राहिली. त्यानं रुखवतावरची वरची कॅसेट उचलली, ती नेमकी या अल्बमची. कुणी चुकून वर काही भरू नये म्हणून मी त्या कॅसेटीच्या पाठीवरचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे तोडून ठेवले होते. त्यानं लग्नपत्रिकेचा कोपरा फाडला, घडी करून एका खाचेत कोंबला आणि बटण दाबलं. म्हणजे बघा, ही कॅसेट पुसायची नाही हे त्याला समजलं होतं. समजूनच त्यानं पत्रिका फाडली.

मी अंतरपाटाच्या अलीकडं हार धरून उभी होते. मला काय माहीत.

पहिली बाजू अशी गेली. मंगलाष्टकं, मग वाजंत्री, मग माइकवर कुणाची तरी जीप बाजूला घ्यायची सूचना, मग पंगतीचा गलका, बाजू संपेपर्यंत. दुसरी बाजू वाचली. पण टेपरेकॉर्डर परभणीला सासरी बैठकीत विराजमान झाला आणि पाहुणे आले की पहिली बाजू लागायची. एकदा मी कॅसेट उलटवली तर सासूबाई आतून म्हणाल्या, "ती पल्याडची बाजू नको लावू गं, लय कालवा हाय तिच्यात." त्या वाईट नव्हत्या. मी गुमान पुन्हा उलटवली. माझंच लग्न मी इतक्या वेळा ऐकलंय की त्या जीपच्या मालकाचा मला राग यायचा.

भाऊबीजेला दादा आला. मी पाट मांडला, ताट केलं, त्याला कुंकू लावून ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली आणि ती कॅसेट मागितली. पुण्याच्या मंडळींना दाखवायची होती. एका बाजूला लग्न आणि दुसऱ्या बाजूला रॉक, लोक हसून बेजार होतील म्हणाला.

"दादा, कॅसेट माझी होती," मी म्हटलं. "तसं ग्रुपवर लिही. मग ने."

तो चिडला नाही. लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाला, "अगं, सोनपेठची पोरगी असलं ऐकायची म्हटलं तर कोणाला खरं वाटंल का? पोरगा म्हटलं की लोकांना पटतं."

आणि माझा रुसवा काढायला म्हणून त्यानं फोनवर अल्बम लावला. सुरुवातीपासून.

फोनवर हे सगळं मिळतं हे मला ठाऊक होतं. लेकीनं कितीदा विचारलं, आई, लावून देऊ का? मी नको म्हणायची. पहिली बाजू मला पाठ आहे, पुसणाऱ्यानं खुशाल पुसावी, अशी माझी गुर्मी. सासूबाई गेल्यावर टेपरेकॉर्डर माझ्या ताब्यात आला, तेव्हाही मी दुसरीच बाजू लावली.

पहिलं गाणं वाजलं, ते ओळखलं. दुसरं ओळखलं. तिसरं सुरू झालं आणि मला ते ओळखू येईना. ती बाई गात होती. पुढं ती काय करणार, कुठं थांबणार, मला काहीही ठाऊक नव्हतं. मी ताट धरून उभी राहिले, कुठंतरी ओळखीची जागा येईल म्हणून वाट बघत. आली नाही. दादाचं बोट मात्र गुडघ्यावर बरोबर ठेका धरत होतं आणि ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते. एकही शब्द चुकत नव्हता.

"हे तुझं आवडतं असंल न्हाई?" त्यानं विचारलं.

मी ताटातली साडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"असंल," मी म्हटलं. "आता तूच सांग."